रिसीव्हर की साधा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर? परभणीतला अनुभव

दोन वर्षांपूर्वी वैशाखातल्या अवकाळी पावसात मी टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन तो अनेक स्पीकरवर वाजवणारे यंत्र) या तिन्हींचे प्लग वेळेवर काढून ठेवले होते. तरीही जवळच वीज कोसळली आणि गच्चीवरच्या डिशच्या वायरमधून आलेल्या झटक्याने सेट-टॉप बॉक्स आणि त्याला एचडीएमआयने (चित्र आणि आवाज नेणाऱ्या वायरने) जोडलेला रिसीव्हर, दोन्ही गेले. रिसीव्हरमधला अ‍ॅम्प्लिफायर शाबूत होता, जळाला होता फक्त एचडीएमआयचा बोर्ड. मात्र सगळे एकाच डब्यात असल्यामुळे तो आठ-नऊ किलोचा डबा छत्रपती संभाजीनगरला न्यावा लागला, आणि बोर्डाची किंमत ऐकून तसाच परत आणावा लागला.

नवे घेताना दोन पर्याय समोर होते, दोन्ही यामाहाचे. पाच स्पीकर आणि सबवूफर (खर्जाच्या आवाजाचा वेगळा स्पीकर) चालवणारा आरएक्स-व्ही३८५ हा रिसीव्हर नांदेडला आमच्या दाजींकडे आहे. दोनच स्पीकर चालवणारा ए-एस३०१ हा अ‍ॅम्प्लिफायर मी शेवटी घेतला.

चित्रपटासाठी रिसीव्हरला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, त्यामुळे खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्यालाही ते पडद्यावरूनच आल्यासारखे वाटतात. सोबत येणारा माइक बसण्याच्या जागी ठेवला की स्पीकरची अंतरे आणि आवाजाची पातळी यंत्र स्वतःच जुळवते. त्या वेळी खोलीत शांतता हवी म्हणून दाजींनी मे महिन्यात पंखा बंद करून सगळ्यांना बाहेर काढले होते.

गाण्यांच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. रिसीव्हरवर लिहिलेले ७० वॅट हे ६ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) स्पीकरवर आणि दोनच चॅनेल, म्हणजे दोनच स्पीकरचे भाग, चालू असताना मोजलेले असतात. पाचही एकदम जोरात वाजू लागले की एकाच ट्रान्सफॉर्मरमधली वीज पाच जणांत वाटली जाते. ए-एस३०१ ८ ओहमवर ६० वॅट देतो. वॅट दुप्पट झाले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो, तेव्हा ६० आणि ७० यांतला फरक कानाला कळणारच नाही. दोनच चॅनेलचा हा अ‍ॅम्प्लिफायर ९ किलोचा आहे, तर पाच चॅनेलचा तो रिसीव्हर साधारण साडेसात किलोचा, यावरून जड ट्रान्सफॉर्मरसारख्या भागांवर पैसा कुठे खर्च झाला आहे याचा थोडा अंदाज येतो. पखवाजाची थाप माझ्याकडे भरीव ऐकू येते, हे दाजींनीही कबूल केले (कुरकुरतच).

ए-एस३०१ला एचडीएमआय नाही. टीव्ही ऑप्टिकल वायरने जोडावा लागतो, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर (साध्या, न गुंडाळलेल्या डिजिटल आवाजावर) ठेवले नाही तर काहीच वाजत नाही, कारण आतला डॅक (डिजिटल आवाज स्पीकरसाठी बदलणारा भाग) डॉल्बी या पद्धतीने गुंडाळलेला आवाज उलगडत नाही. माझी पहिली संध्याकाळ यातच गेली. आवाजासाठी वेगळा रिमोट लागतो, याबद्दल आईची तक्रार अजून चालू आहे. पण ऑप्टिकल वायरमधून फक्त प्रकाश जातो, विजेला त्यातून वाट नसते. डिशकडून झटका आलाच तर तो टीव्हीपर्यंत येऊन थांबेल, आणि मुख्य प्लग काढलेला असला की अ‍ॅम्प्लिफायरला या बाजूने धोका राहत नाही. दुकानात ही गोष्ट मला कोणीही सांगितली नव्हती.

प्री-अ‍ॅम्प्लिफायर, पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आणि डॅक असे तीन डबे वेगवेगळे घेण्याचा विचार मी सोडून दिला, कारण एवढ्या वायरी आमच्या धुळीत दर महिन्याला कोण पुसणार? रेडिओ मात्र हुकला. रिसीव्हर हे नावच मुळात रेडिओवरून आलेले, आणि दाजींच्या यंत्रात एफएमबरोबर मीडियम वेव्हही आहे. माझ्याकडे आकाशवाणी परभणीसाठी वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी ठेवला आहे. वर नाही, कारण उन्हाळ्यात त्याच्या वरची, गरम हवा बाहेर सोडणारी जाळी मोकळीच राहिली पाहिजे.

घरात चित्रपटच जास्त पाहिले जात असतील तर रिसीव्हर घ्यावा, फक्त आभाळ भरून आले की प्लगबरोबर डिशची वायरही सेट-टॉप बॉक्सच्या मागून काढून ठेवावी.