अफगाण म्हणून आणली, पश्मी निघाली

आमच्या कुत्रीचं नाव झिपरी. पाठीवरून हात फिरवला तर मखमलीसारखे बोटभरही नसलेले केस लागतात. नाव ठेवलं तेव्हा तिला केस येणार होते. पिल्लू अफगाण हाऊंड या उंच, लांबकेशी जातीचं आहे, वर्षभरात जमिनीला टेकतील असे रेशमी केस येतील, असं ज्यानं सांगितलं त्याला आम्ही ४८,००० रुपये दिले, आणि वर कागदपत्रांचे ४,५००.

सुरुवात लेकीच्या शाळेतल्या प्रकल्पापासून झाली. विषय क्लोनिंग. जगातला पहिला क्लोन केलेला कुत्रा स्नपी, २००५ साली सोलच्या विद्यापीठात जन्मलेला, तो अफगाण हाऊंड होता. त्याचा फोटो तिनं कार्डशीटवर चिकटवला आणि घरात तोच एक विषय झाला. बायको म्हणाली, "कोथरूडच्या दोन बेडरूममध्ये हा उंट कुठे बांधायचा?" पण महिन्याभरानं जाहिराती तीच बघत होती.

फेसबुकवर एक जाहिरात सापडली. पिल्लाच्या बापाचा म्हणून जो फोटो होता, त्यात हिरव्या गालिच्यावर राजासारखा उभा असलेला सोनेरी अफगाण. फोनवर माणूस फार गोड. "सर, घरात लहान कोण आहे? मग मी तुम्हाला मादीच देतो." ५५,००० सांगितले, मी ४८,००० वर आणले आणि दोन दिवस स्वतःवर खूश होतो. १०,००० यूपीआयनं आगाऊ, बाकीचे रोख. फार्म सोलापूर रस्त्याला कुठेतरी आत आहे, तिथे सध्या कुत्र्यांना संसर्गाची भीती, म्हणून बाहेरच्या माणसाला नेत नाही, असं कारण. पिल्लू हडपसरला पेट्रोल पंपाजवळ गाडीच्या डिकीतून हातात आलं. चाळीस दिवसांचं. आई दाखवा म्हटलं तर व्हिडिओ दाखवला.

"इतक्या लहानपणी देता?" असं बायकोनं विचारलं होतं. "वहिनी, जितकं लहान तितका लळा लागतो." कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल २०१७ चे केंद्राचे नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. हे मला नंतर कळलं. नोंदणीचा कागद मागितला असता तर हडपसरपर्यंतचं पेट्रोल वाचलं असतं.

आता इतके महिने आम्ही कसे गप्प बसलो, तो भाग. केसांबद्दल विचारलं तेव्हा त्या माणसानं आम्हाला एकही गोष्ट धडधडीत खोटी सांगितली नाही. अफगाणबद्दल तेव्हा तो जे बोलला ते खरं होतं, फक्त ते आमच्या कुत्रीबद्दल नव्हतं. चौथ्या महिन्यात मी विचारलं, केस कुठेत? तो म्हणाला, अफगाणच्या पिल्लाला लांब केस नसतातच, ते हळूहळू येतात. मी शोधून बघितलं. खरं. आठव्या महिन्यात कानांवर आणि शेपटीच्या खालच्या बाजूला झालरीसारखे केस आले. फोटो पाठवला तर लगेच उत्तर, "बघा सर, सुरुवात झाली!" दहाव्या महिन्यात विचारलं, पाठ अजून गुळगुळीत कशी? तर म्हणे अफगाणच्या पाठीवर खोगिरासारखा आखूड केसांचा पट्टा असतोच. तेही खरं. मोठ्या अफगाणची ती खूणच आहे.

दोन गोष्टी मात्र तो बोलला नाही. अफगाणच्या पिल्लाच्या तोंडावर, जबड्याशी, म्हाताऱ्यासारखे फरफरीत दाढीमिशांचे केस असतात. झिपरीचं तोंड पहिल्या दिवसापासून तासून गुळगुळीत केल्यासारखं. आणि अफगाणच्या शेपटीचं टोक कड्यासारखं वळलेलं असतं. हिची शेपटी लांब, कोयत्यासारखी. शिवाय "महिन्यातून एकदा ब्रश पुरे" असं तो म्हणाला होता, तिथेच कान टवकारायला हवे होते. ज्यानं खरा अफगाण पाळलाय तो आठवड्याचे कित्येक तास विंचरण्यात घालवतो. असं वाक्य त्याच्या तोंडून निघणार नाही.

भांडं फुटलं ते नसबंदीच्या वेळी. अकरा महिन्यांची असताना डॉक्टरांकडे नेली. ते मूळचे लातूरकडचे. टेबलावर घेतल्या घेतल्या हसले. "अफगाण कोणी सांगितलं तुम्हाला? अहो, ही पश्मी आहे. आपली कारवानी असते ना, तिच्यातलीच झालरवाली." पश्म म्हणजे लोकर. व्यापाऱ्यांच्या काफिल्यांबरोबर जी लांब पायांची शिकारी कुत्री इकडे आली असं मानतात, त्यांचा हा वंश. तोंडवळा थेट अरबस्तानातल्या सलुकी या शिकारी कुत्र्याचा. "आमच्याकडे पाच-सात हजारांत पिल्लू देतात, आणि ओळखीचा असला तर चहावर."

मी कागद पुढे केला. त्यावर मायक्रोचिपचा, म्हणजे कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात त्या ओळखीच्या चिपचा, नंबर होता. डॉक्टरांनी स्कॅनर मानेपासून दोन्ही खांद्यांच्या मध्ये, मग बरगड्यांपर्यंत फिरवला. आवाज नाही. चिपच नव्हती. मग त्यांनी नंबरातले आकडे मोजले. चौदा. चिपचा नंबर पंधरा आकडी असतो. आमच्या घरात दोन माणसं बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली आहेत. इतके महिने तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली होता आणि कोणीही आकडे मोजले नाहीत.

नसबंदी नीट झाली, हे आधी सांगायला हवं होतं. नजरेनं शिकार हेरून पळणाऱ्या या सगळ्या जातींच्या अंगावर चरबी फार कमी, आणि भुलीची काही औषधं त्यांचं यकृत सावकाश मोडतं, त्यामुळे ती शरीरातून लवकर उतरत नाहीत. डॉक्टरांनी औषध त्या हिशेबानं निवडलं. विकणाऱ्यानं हे एका शब्दानं सांगितलं नव्हतं. वेगळा डॉक्टर असता आणि त्यानं साधं गावठी कुत्रं समजून भूल दिली असती तर, हा विचार मला पैशांपेक्षा जास्त छळतो.

सोनेरी बापाचा फोटो लेकीनं गूगलवर टाकला. परदेशातल्या एका डॉग शोमधला निघाला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, चौकीतही गेलो. यूपीआय खातं भलत्याच बाईच्या नावावर. रोख दिलेल्या ३८,००० चा पुरावा शून्य. "एवढ्या उशिरा आलात?" असं हवालदारांनी विचारलं, त्याला काय उत्तर देणार? केस यायची वाट बघत होतो, साहेब.

झिपरी आमच्याकडेच आहे. ती परत द्यायची का, हा प्रश्न आईनं कोणाला विचारूच दिला नाही. घरात ती सोफ्यावर चादरीसारखी पसरते, आवाज म्हणून नाही. वेताळ टेकडीवर मात्र दोरी सोडायची सोय नाही. एकदा मोर दिसला तेव्हा मी शिट्टी वाजवेपर्यंत ती पलीकडच्या उताराला होती आणि संध्याकाळी पाषाणच्या बाजूनं फोन आला. पट्ट्यावर नंबर होता म्हणून. आता खरी चिपही बसवली आहे.

गेल्या महिन्यात तोच सोनेरी फोटो पुन्हा दिसला. नाव नवं, नंबर नवा, भाव ६०,०००. बायकोनं तिच्या फोनवरून लिहिलं, "पिल्लू घ्यायचंय. आमच्या डॉक्टरांसमोर चिप स्कॅन करू आणि मग पूर्ण पैसे देऊ. चालेल का?" दोन निळ्या खुणा आल्या. थोड्या वेळानं त्याचा प्रोफाइल फोटो दिसेनासा झाला.