सेलमचा मध्यम मोती साबुदाणा : नीट वळलेला दाणा

एकादशी जवळ आली की माझ्याकडे खिचडीच्या ऑर्डरी वाढतात. खिचडी मोकळी होणार की गिच्च गोळा, हे फोडणीच्या कितीतरी आधी, साबुदाणा विकत घेतानाच ठरलेलं असतं. सध्या मी पुण्याच्या मार्केट यार्डातून तमिळनाडूतल्या सेलमचा मध्यम दाण्याचा मोती साबुदाणा सुटा घेते. आधी घ्यायचे त्या पाकिटापेक्षा किलोमागे चार पैसे जास्त जातात, पण हा साबुदाणा मी सोडणार नाही. याचा दाणा नीट वळलेला आहे.

वळलेला म्हणजे काय, ते सांगायलाच हवं. शाबूकंद (टॅपिओकाचं मूळ) सोलून वाटतात, त्याचं दूध गाळून टाकीत निवळू देतात आणि तळाशी बसलेला स्टार्च काढतात. त्या ओलसर स्टार्चचा भुगा करून तो घोळवतात. पूर्वी हे काम कापडाच्या झोळीत माणसं हाताने करायची, आता यंत्रं करतात. कणाकणांमध्ये जे थोडंसं पाणी असतं, तेच त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं. त्यातून बारीक गुठळी होते. ती घरंगळताना सैल पीठ अंगावर घेत जाते आणि आपटत आपटत घट्ट, गोल होते. जी गुठळी सैल असते ती त्याच आपटण्याने फुटते आणि तिचं पीठ शेजारच्या दाण्यांवर चढतं. ओल जास्त झाली तर दाणे एकमेकांना चिकटून ओबडधोबड गोळे होतात. कमी झाली तर दाणा धरतच नाही, नुसतं पीठ राहतं. संक्रांतीचा हलवा घोळवताना पाक किती आणि कधी घालायचा याचा जो अंदाज लागतो, तोच इथे ओलीचा लागतो.

घोळवून झालं की चाळणं. मग तापलेल्या पत्र्यावर भाजणं, आणि मला वाटतं खरी गंमत इथेच आहे. तोवर दाणा फक्त पाण्याच्या जोरावर टिकलेला असतो. तसाच गार पाण्यात टाकला तर परत पीठ होईल. भाजताना बाहेरचा स्टार्च शिजतो आणि दाण्याला कवच येतं. आतलं पांढरं मात्र बरंचसं कच्चंच राहतं. म्हणूनच तो भिजवला की फुगतो आणि तरी सुटा राहतो.

दुसऱ्या महायुद्धात मलाया-सिंगापूरकडून येणारा माल थांबला आणि 1943 च्या सुमारास सेलममध्ये हा धंदा उभा राहिला. 1981 साली तिथल्या उत्पादकांची ‘सागोसर्व्ह’ ही सहकारी संस्था झाली आणि 2023 मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या उपवासाचं निम्मं ताट तमिळनाडूतून येतं, याची जाणीव आपल्याकडे फारशी कुणाला नसते.

आता माझ्या स्वयंपाकघरातलं. मी आधी मूठभर साबुदाणा बारीक चाळणीत घालून हलवते. या मालाखाली अगदी थोडं पीठ पडतं. मग धुणं. पहिलं पाणी दुधाळ येतं, ते कुठल्याही साबुदाण्याचं येणारच. याचं दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला बरंच निवळ होतं. आधीच्या पाकिटाचं कितीही धुतलं तरी गढूळच यायचं. ते सुटं पीठच कढईत खळ होऊन दाण्यांना चिकटवतं. दाणे सारख्या मापाचे आहेत, हे मला त्याहून मोलाचं वाटतं. लहानमोठे एकत्र असले की लहान विरघळेपर्यंत मोठ्यांच्या आत खडा राहतो. हा साबुदाणा बेताच्या पाण्यात रात्रभर ठेवला की सकाळी कुठलाही दाणा चिमटीत सहज चिरडतो. दाण्याचं कूट घातलं, वाफ आली, तरी खिचडी सुटीच राहते. डब्यात दोन तासांनीही.

पांढराशुभ्र रंग पाहून भुलू नका. हा किंचित मळकट आहे आणि मला त्याची काही अडचण वाटत नाही.

उणं एवढंच की पोत्याच्या तळाचा माल वरच्यासारखा नसतो. वाहतुकीत दाण्यावर दाणा घासून पीठ सुटतं आणि ते खाली जाऊन बसतं. पोतं संपत आलं असेल तर दुकानदाराला सरळ सांगा, ‘दादा, नवीन पोतं फोडा, तेव्हाच द्या.’ माझे दुकानदार देतात.

चिवड्यासाठी हा घेऊ नका. तळून फुलवायला नायलॉन साबुदाणाच हवा. तो वाफवलेला असतो, त्याची जातच वेगळी. वड्यांना मात्र हा छान चालतो, फक्त बटाटा थोडा वाढवावा लागतो, कारण दाणे इतके सुटे असतात की मिश्रण पटकन बांधलं जात नाही. चाळणीखालचं पीठ मी टाकत नाही, उपवासाच्या थालीपिठाच्या भाजणीत मिसळते.