डाउनट्यूब बॅटरीची बेस प्लेट: प्लेट चांगली, सोबतचे बोल्ट कुचकामी

साध्या सायकलला मोटर बसवताना हायलाँग पद्धतीच्या, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या पाइपवर (डाउनट्यूबवर) बसणाऱ्या लांबट बॅटरीसोबत एक काळी, लांबट प्लॅस्टिकची प्लेट येते. बाटलीच्या स्टँडसाठी फ्रेमला जे दोन आटे असतात त्यांवर ती बसते. मग बॅटरी वरून सरकवायची आणि कुलूप लावायचं. रचना म्हणून ही प्लेट कॅरिअरपेक्षा सरस आहे. वजन खाली आणि दोन्ही चाकांच्या मध्ये राहतं, त्यामुळे वळणावर मागची बाजू डुलत नाही. खोट आहे ती जोडणीत.

बाटलीचे आटे साधारण किलोभर वजनासाठी असतात. ४८ व्होल्टच्या १३एस४पी पॅकमध्ये (एकापुढे एक १३ गट, प्रत्येक गटात समांतर ४ सेल) ५२ सेल. १८६५० आकाराचा एक सेल ४५ ते ५० ग्रॅमचा, म्हणजे नुसते सेलच अडीच किलोच्या घरात; केस आणि बीएमएस (बॅटरीची सुरक्षा सांभाळणारं सर्किट) वेगळे. दोन आट्यांतलं अंतर मात्र ६४ मिमी, आणि प्लेट त्याच्या कितीतरी पट लांब. प्रत्येक खड्ड्यात तिचं मोकळं टोक तरफेसारखं उचकटतं. फ्रेममध्ये रिव्हेटनट (पाइपच्या भोकात दाबून बसवलेला, आत आटे असलेला नट) असेल तर हळूहळू तोच जागेवर फिरायला लागतो, आणि मग बोल्ट धड आवळताही येत नाही, धड काढताही येत नाही.

म्हणून तिसरा आधार हवाच. प्लेटला लांब खाचा असतील तर वरच्या टोकाजवळ आणखी एक एम५ (५ मिमी आट्यांचा) रिव्हेटनट बसवणं सगळ्यात पक्कं. पण कार्बन फ्रेमला भोक पाडायचं नाही, आणि ॲल्युमिनियमचा पाइप मधल्या भागात बऱ्याचदा पातळ असतो. तिथे रबरी अस्तराचा क्लॅम्प किंवा रुंद, न ताणणारा पट्टा बरा. नुसता स्टीलचा होज क्लॅम्प रंग खातो, जास्त आवळला तर पाइपही दबतो. झिप टाय उन्हात ठिसूळ होतात, त्यांच्यावर वायर बांधाव्यात, बॅटरी नाही.

सोबत आलेले बोल्ट वापरू नका. बोल्टचं डोकं प्लेटच्या खाचेत पूर्ण बुडायला हवं. वर राहिलं तर बॅटरी शेवटपर्यंत सरकत नाही. स्टेनलेसचे चपट्या डोक्याचे एम५ बोल्ट घ्या, खाली मावेल तेवढा मोठा वॉशर टाका, आणि आट्यांत किमान पाच-सहा फेरे जातील अशी लांबी ठेवा. थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) निळा, तोही फक्त टोकाला एक थेंब. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटवर तो सांडला तर प्लॅस्टिकला बारीक तडे जाऊ शकतात, आणि हे सहसा कोणी सांगत नाही.

प्लेट आणि गोल पाइप यांच्यामध्ये जुन्या ट्यूबच्या रबराची एक पट्टी पुरते. जाड, मऊ फोम घातला की प्लेट त्यावर हिंदकळते आणि बोल्ट वाकतात.

हलणाऱ्या बॅटरीचा खरा मार बसतो तो खालच्या पात्यांच्या संपर्कांवर, म्हणजे बॅटरी आणि प्लेट यांना विजेने जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर. ३६ व्होल्टला १५ अँपिअर म्हणजे ५४० वॅट त्या पात्यांतून जातात. तिथे खेळ असला की ठिणग्या पडतात, पाती काळवंडतात, आजूबाजूचं प्लॅस्टिक वितळतं. खड्ड्यात मोटर क्षणभर बंद पडते तेव्हा संशय बीएमएसवर जातो. आधी बॅटरी काढून ही पाती बघा. कुलपाची खीळ फक्त सरकणं थांबवते, वजन पेलत नाही. तिच्या जोरावर खडखड थांबणार नाही.

लहान फ्रेमवर घेण्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापून पाहा. बॅटरी बसली तरी ती काढताना वरच्या बाजूला काही सेंटिमीटर जागा लागते, आणि तेवढी नसेल तर दर वेळी बेस प्लेटच खोलावी लागेल.