‘आतड्यातले विष’ काढून देणारे मोफत शिबिर: सांगलीतील माझा अनुभव

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर शौचाला घट्ट होण्याचा जो त्रास होतो, त्यावर हमखास औषध देतो असे सांगून काही लोकांनी सांगलीत माझ्याकडून १८,५०० रुपये घेतले आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायला लावल्या. पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण गोळ्या बंद करायला लावणे हा सरळसरळ जिवाशी खेळ आहे, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे. ज्यांच्या घरात अशी शस्त्रक्रिया झाली आहे किंवा व्हायची आहे, त्यांनी कृपया हे पूर्ण वाचावे.

माझी गॅस्ट्रिक बायपास पुण्यात झाली. या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटर मावेल एवढीच लहान पिशवी ठेवून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे खाल्लेले अन्न उरलेल्या जठरातून आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जातच नाही. माझ्या पित्ताशयात खडे होते, म्हणून त्याच वेळी पित्ताशयही काढले. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि पुण्याच्या डॉक्टरांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. त्रास सुरू झाला तो घरी आल्यावर. पाणी घोट घोट प्यावे लागते, जेवताना आणि जेवल्यावर अर्धा तास तर प्यायचेच नसते, त्यामुळे दिवसाचे दीड लिटर पाणी पोटात जाणे हेच एक काम होऊन बसते. ताटात आधी प्रथिने, म्हणजे पनीर, अंडे, मुगाचे कढण. ते संपेपर्यंत पोट भरते आणि शाळूची भाकरी व पालेभाजी तशीच राहते. चोथा नाही, पाणी नाही, त्यात लोहाची गोळी. शौच घट्ट होण्याला आणखी कोणते कारण लागत नाही.

हा त्रास किती हैराण करतो हे ज्याने भोगले त्यालाच कळेल. पोट जड, भूक मेलेली, टाके ताजे असल्यामुळे जोर करायची भीती, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे एक उपाय. कुणी तासगावचे बेदाणे भिजवून खायला सांगितले, कुणी एरंडेल, तर कुणी इसबगोल. इसबगोलाबद्दल डॉक्टरांनी आधीच बजावले होते की पुरेसे पाणी पिता येत नाही तोवर ते घ्यायचे नाही, कारण पाण्यावाचून त्याचा गोळा होऊन अरुंद जोडावर अडकू शकतो. आपल्याकडे शौचाचा विषय काढायला संकोच वाटतो; गाव सोडून पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांना फोन करून तेवढ्यासाठी कसे विचारायचे, असे बहुतेक रुग्णांना वाटते. ही फट त्या लोकांना नेमकी ठाऊक होती.

वर्तमानपत्रातून आलेल्या पत्रकावर ‘लठ्ठपणा मुळापासून घालवा’ असे मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली ‘वजनाचे ऑपरेशन झालेल्यांना पोटाच्या तक्रारींवर मोफत मार्गदर्शन’ असे छापले होते. शिबिर विश्रामबागेतल्या एका भाड्याच्या सभागृहात होते. टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेली पितळी रंगाची एक कांडी, आणि मागे पांढरा कोट घातलेला माणूस. नाव, वय, उंची, वजन विचारून त्याने कांडी माझ्या मुठीत दिली. मिनिटभरात छापील पानांचा गठ्ठा बाहेर आला. त्यात यकृत, मूत्रपिंड, हाडे अशा प्रत्येक अवयवाचे आकडे होते आणि ‘आतड्यात साचलेले विष’ या ओळीपुढे लाल रंगाची पट्टी होती.

“ताई, डॉक्टरांनी पोट कापून बारीक केलं, पण आतड्याला वर्षानुवर्षं चिकटलेला मळ कोण काढणार?” असे तो म्हणाला. माझ्या आहाराची वही त्याने चाळली, मला किती दिवसांतून एकदा होते हे अगदी जिव्हाळ्याने विचारले, आणि मग गोळ्यांची पाकिटे हातात घेऊन म्हणाला, “सगळं मूळ यात आहे. आधी ह्या बंद करा, मग बघा.”

या एका वाक्यावर थोडे थांबायला हवे, कारण सगळी फसवणूक या वाक्यावर उभी आहे. लोहाच्या गोळीने शौच घट्ट होते हे खरे आहे, कॅल्शियमच्या काही गोळ्यांनीही होते. रुग्णाला स्वतःला तसा अनुभव असतो, त्यामुळे सांगणारा माणूस जाणकार वाटतो. पण लोह आणि कॅल्शियम शरीरात मुख्यतः आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागातून शोषले जाते, तोच भाग बायपासमध्ये वाटेतून वगळलेला असतो. म्हणून या गोळ्या आणि बी-१२ आयुष्यभर चालू ठेवायचे असतात. त्या थांबल्या तर रक्त कमी होते, हाडे झिजतात, आणि हे सगळे आतल्या आत, महिनोन्‌महिने न कळता होत राहते. घट्टपणा होत असेल तर डॉक्टर लोहाचा प्रकार बदलतात, मात्रा विभागून देतात, कॅल्शियम कार्बोनेटच्या जागी सायट्रेट देतात, दोन्ही गोळ्यांमध्ये दोन तासांचे अंतर ठेवायला सांगतात. बंद करत नाहीत. अर्धे सत्य सांगून उरलेले अर्धे दडवणे मला निव्वळ खोट्यापेक्षा जास्त घातक वाटते.

तीन महिन्यांच्या ‘कोर्स’चे १८,५०० रुपये एका व्यक्तीच्या खात्यावर फोनवरून भरायला लावले. पावती मागितली तेव्हा ‘बिल कुरिअरने येईल’ असे उत्तर मिळाले. पुण्याच्या डॉक्टरांना सांगू नका, अ‍ॅलोपॅथीवाले उगाच चिडतात, असेही बजावले गेले. कुठलाही उपचार करणारा माणूस जेव्हा तुमच्या मूळ डॉक्टरांपासून काही लपवायला सांगतो, तेव्हा तिथून उठावे, असे माझे आता ठाम मत आहे.

‘कोर्स’ म्हणून दिलेले चूर्ण रात्री घेतले आणि पहाटे पोट साफ झाले. कित्येक दिवसांनी मोकळे वाटले, घरातल्यांनाही हायसे वाटले. यातच सगळी गोम आहे. ते चूर्ण मुख्यतः सोनामुखीचे होते, आणि सोनामुखी रात्री घेतली की सहा ते बारा तासांत कुणालाही शौचाला होते. त्यासाठी आतड्यात विष असावे लागत नाही की यंत्राने ते शोधावे लागत नाही. जुलाब झाले म्हणून निदान बरोबर ठरत नाही. पण कुंथून बेजार झालेल्या माणसाला पहिल्याच सकाळी जो आराम मिळतो, त्यापुढे हा विचार सुचतच नाही. पुढे मात्र पोटात कळा येऊ लागल्या आणि पाण्यासारखे होऊ लागले. फोन केला तर ‘विष निघतंय, मात्रा वाढवा’ असे सांगण्यात आले. मग पायांत गोळे, छातीत धडधड, उठले की चक्कर.

यजमानांनी मला मिरजेला एका रुग्णालयात नेले. रक्तातले पोटॅशियम ३.५ ते ५ या दरम्यान असावे लागते, माझे २.९ निघाले. तिथल्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, सलाइन लावले आणि सगळी औषधे समोर मांडायला सांगितली. चूर्णाची पिशवी फ्रीजमध्ये असल्याने तिच्यावरचे ‘आंत्रशुद्धी कोर्स’ असे लिहिलेले चिकटपट्टीचे लेबल ओलाव्याने सुटत आले होते. ते सोलले तर खाली दुसरेच छापील लेबल निघाले: बाजारात कुठेही मिळणारे पोट साफ करण्याचे साधे चूर्ण, किंमत १०० ग्रॅमला १३० रुपये, घटक सोनामुखी, हिरडा, सैंधव, सज्जीखार. आमच्या ओळखीच्या एका वैद्यांना ते दाखवले तेव्हा त्यांना फार वाईट वाटले. सोनामुखी हे वाईट औषध नाही, पण ते थोडे दिवस, माणूस पाहून द्यायचे असते. बायपास झालेल्या, पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाला महिनोन्‌महिने देणारा वैद्य नव्हे, असे ते म्हणाले. आयुर्वेदाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही, हे यावरून लक्षात यावे.

त्यानंतर तो छापील अहवालही नीट वाचला. त्यातल्या एका पानावर ‘पित्ताशय: कार्य सामान्य’ असे स्वच्छ लिहिले होते. जे पित्ताशय माझ्या पोटातच नाही, त्याचे कार्य त्या कांडीने सामान्य ठरवले होते. शेजारच्या काकूही त्या दिवशी शिबिराला आल्या होत्या. त्यांचा अहवाल आणून ताडून पाहिला, तर नाव आणि वय सोडले तर आकड्यांमध्ये फरक शोधावा लागत होता.

पुण्याच्या डॉक्टरांना शेवटी सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. या शस्त्रक्रियेनंतर हा त्रास अगदी नेहमीचा आहे, त्यासाठी निःसंकोच फोन करत जा, असे म्हणाले. जेवणच इतके कमी असते की दोन-तीन दिवसांतून एकदा, पण मऊ, शौचाला होत असेल तर काळजीचे कारण नाही, हे त्यांच्याकडून ऐकल्यावरच निम्मा ताण गेला. आतड्यात पाणी धरून ठेवणारे एक औषध ठरावीक काळ दिले, लोहाची गोळी बदलली, दर तासाला पाण्याचे घोट ठरवून दिले आणि रोजचे चालणे वाढवायला सांगितले. हे सगळे सावकाश लागू पडते. पहिल्या पहाटे चमत्कार होत नाही, आणि त्यामुळेच चमत्कार विकणाऱ्याचे फावते. एक गोष्ट त्यांनी निक्षून सांगितली: शौचाबरोबर वायूही सुटत नसेल, पोट फुगून सतत कळा येत असतील किंवा उलट्या होत असतील, तर तो साधा घट्टपणा समजून घरी कोणतेही रेचक घ्यायचे नाही, कारण बायपासनंतर आतडे आत अडकू शकते, त्या वेळी थेट रुग्णालय गाठायचे.

शिबिरवाल्यांचा फोन आता बंद आहे. सभागृहाच्या व्यवस्थापकांकडे एका दिवसाच्या भाड्याच्या नोंदीपलीकडे काही नाही. १९३० या क्रमांकावर आर्थिक फसवणुकीची नोंद केली आहे. ही नोंद पैसे गेल्याबरोबर केली तर समोरचे खाते गोठवण्याची शक्यता जास्त असते, उशिरा केली तर रक्कम पुढे सरकलेली असते. अन्न व औषध प्रशासनाच्या सांगली कार्यालयात पिशवी, दोन्ही लेबले आणि पत्रक यांसह लेखी तक्रार दिली आहे. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी असणे बंधनकारक आहे. वरच्या लेबलावर यातले काहीही नव्हते. शिवाय १९५४ च्या आक्षेपार्ह औषध जाहिरातींच्या कायद्यात ज्या विकारांवरील औषधांची जाहिरात करायला मनाई आहे, त्या यादीत लठ्ठपणा आहे, त्यामुळे ते पत्रकच मोठा पुरावा ठरते. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. प्राथमिक मार्गदर्शन १९१५ या क्रमांकावर मिळते. माझे पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. त्या सभागृहात माझ्यासोबत रांगेत बसलेल्यांपैकी कुणाकडे अशी पिशवी अजून असेल, तर चूर्ण आजच थांबवावे, बंद केलेल्या गोळ्यांबद्दल आपल्या शल्यचिकित्सकांना आजच फोन करावा, आणि लेबल, पत्रक व पैसे भरल्याचा संदेश फेकून न देता अन्न व औषध प्रशासनाकडे आपली स्वतंत्र तक्रार द्यावी.