दाढ दाखवायला गेले आणि चार दिवसांची डाएट डायरी भरून आले

दोन वर्षांत तीन दाढा भरून झाल्या आणि चौथी ठणकायला लागली तेव्हा मी क्लिनिक बदललं. आधीच्या ठिकाणी काम स्वच्छ होतं पण कीड मुळात लागतेय कशामुळे हे कोणी विचारलंच नाही, दाढ भरली की झालं. मी दोन वेळा ब्रश करते, चॉकलेट फारसं खात नाही, त्यामुळे आपले दातच कच्चे असं मी धरून चालले होते.

नवीन क्लिनिकमधे डॉक्टर मॅडमनी एक्सरे काढला आणि हातात कागद दिला. चार दिवस पाणी सोडून तोंडात जे जाईल ते वेळेसकट लिहायचं, त्यात एक दिवस सुट्टीचा हवाच, खोकल्याची गोळीसुद्धा सोडायची नाही. पुढच्या वेळी त्यांनी लाल पेन घेतलं आणि जिथे जिथे साखर होती तिथे गोल करत गेल्या. मंगळवारच्या पानावर नऊ गोल! त्यातले पाच एकाच मग कॉफीचे, कारण मी ती दहा ते साडेबारा घोट घोट पीत बसते आणि मी तसं प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तोंडातले जीवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरच्या आवरणातली खनिजं सुटायला लागतात, नंतर लाळ ते आम्ल मारते आणि कॅल्शियम फॉस्फेट परत भरते पण त्याला अर्धा-एक तास लागतो. मी दर अर्ध्या तासाला घोट घेतला तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. तीच कॉफी जेवणाबरोबर एकदाच पिऊन टाकली तर नुकसान बरंच कमी. म्हणजे साखर किती यापेक्षा दिवसातून कितीदा हे जास्त महत्त्वाचं.

घरी येऊन वाचलं तर १९४० च्या दशकात स्वीडनमधे व्हिपेहोल्म इथल्या संस्थेतल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या देऊन हेच तपासलं होतं, ज्यांना दोन जेवणांच्या मधे टॉफी मिळाली त्यांचे दात सगळ्यात जास्त किडले. त्या लोकांना कोणी विचारलंही नव्हतं, वाचून फार वाईट वाटलं.

मनुका हेल्दी म्हणून मी येता जाता तोंडात टाकायचे, त्या दाढेच्या खाचेत चिकटून बसतात, त्यालाही गोल. आणि सकाळी लिंबूपाणी पिऊन लगेच ब्रश करायचे तेही चूक, आंबटाने आवरण मऊ झालेलं असतं, तासभर थांबायचं किंवा ब्रश आधी करायचा.

खटकलं ते एवढंच की हे सगळं दहा मिनिटांत भराभर सांगतात, लिहून काहीच देत नाहीत, आणि कागदावर झोपायच्या आधीचा रकाना नाही. खरं तर झोपेत लाळ कमी होते म्हणून तेव्हाचं गोड जास्त नडतं, हे त्यांनीच सांगितलं. मी तो रकाना पेनाने आखून घेतला.

चौथ्या दाढेचं रूट कॅनाल करावंच लागलं. सहा महिन्यांनी परत एक्सरे काढला, नवीन कीड नाही, हिरडीजवळ दातावर एक पांढरा डाग (कीड सुरू होण्याची खूण) होता तो वाढलेला नाही, फ्लोराइड लावून त्याच्यावर लक्ष ठेवतायत. आता मुलीला घेऊन जाणार आहे, तिची डायरी कालपासून सुरू केलीय.