मँचेस्टर बाय द सी: दादा गेल्यावर बघितलेला पिक्चर

पहिल्यांदा लावला तेव्हा अर्ध्या तासात बंद केलेला. परवा रात्री पुतण्या म्हणाला, काका पूर्ण बघूया की, मग बसलो दोघं. 2016 चा पिक्चर, केनेथ लोनर्गननंच लिहिलाय आणि डायरेक्ट केलाय, सव्वादोन तासांचा.

ली म्हणून एकजण, बॉस्टनजवळ बिल्डिंगमधली नळ-संडास दुरुस्तीची कामं करणारा. भाऊ हार्टनं जातो आणि त्याच्या 16 वर्षांच्या पोराची जबाबदारी ह्याच्यावर येते, पण ज्या गावात परत जायचं तिथंच पूर्वी ह्याच्या हातनं एक चूक झालेली, घरातल्या शेकोटीसमोरची जाळी लावायची राहिलेली, त्यानं काय झालं ते तुम्हीच बघा.

पोलीस स्टेशनचा सीन डोक्यातनं जात नाही. सगळं खरं सांगून झाल्यावर पोलीस म्हणतात जा तू, जाळी विसरणं हा काय गुन्हा नव्हे. ली नुसता बघत राहतो, म्हणजे मी जाऊ शकतो? लीचं काम करणाऱ्या केसी अफ्लेकला ऑस्कर मिळालं ते ह्या एका बघण्याला दिलं असतं तरी चाललं असतं.

दादानं रात्री दहाला खानापुरातनं फोन केलेला, छातीत जळजळतंय म्हणून, आणि मी म्हटलं पित्ताची गोळी घे, सकाळी बेळगावला ये, दाखवूया. पहाटेच गेला. वहिनीनं आजवर एका शब्दानं विचारलं नाही मला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिकडं थंडीत जमीन एवढी कडक होते की पुरायला थंडी सरेपर्यंत थांबायचं, तोवर बॉडी फ्रीजरमध्ये. आपल्याकडं तिसऱ्या दिवशी रक्षा, बाराव्याला जेवण, की लोक आपापल्या कामाला. ते पोरगं रडत नाही, हॉकी खेळतं, बँड वाजवतं, आणि एका रात्री फ्रीजर उघडल्यावर गोठलेलं चिकन खाली पडतं, ते परत आत कोंबायला बघतं, बसत नाही, आणि तिथं फुटतं. शेजारी आमच्या पोरानं उशी घट्ट धरलेली, मी तिकडं बघितलंच नाही.

आगीच्या सीनला म्युझिक लई वाढवलंय, तिथं शांतताच पाहिजे होती. मागचं आणि आत्ताचं न सांगता मिसळतंय, सुरुवातीला गोंधळ होतो. पण शेवटी ली बरा होत नाही, सरळ पुतण्याला सांगतो मला हे झेपत नाही, आणि म्हणूनच माझा ह्या पिक्चरवर विश्वास बसला, नाहीतर जो तो सांगतोय आता सोड, विसर.

लाईट लावल्यावर पोरगं म्हणालं, काका, तू पण असाच गप्प असतोस की. मग त्या फोनचं मी त्याला सांगितलं, पहिल्यांदाच.