सोलर कडक, नळाला कोमट! वडगावच्या सोलर मेस्त्रीचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

आमचं घर बेळगावात अनगोळला, दोन मजली. गच्चीवर २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर वॉटर हीटर, खालच्या बाथरूममध्ये १५ लिटरचा गिझर, आणि दोघांची ऊन पाण्याची लाईन एकच. म्हणजे वरच्या बाथरूमला थेट सोलरचं पाणी आणि खाली यायचं ते आधी गिझरात शिरून मग बाथरूमला, स्वयंपाकघराला. उन्हाळ्यात गिझर बंद ठेवायचा, पावसाळ्यात चालू करायचा, बेळगावचा पाऊस एकदा लागला की सोलरला सूर्य दिसत नाही हे काय वेगळं सांगायला नको. बरीच वर्षं हे मस्त चाललं.

गेल्या दिवाळीनंतर बिनसलं. दिवसभर लख्ख ऊन, संध्याकाळी सोलरचं पाणी हात भाजेल असं, आणि सकाळी उठून नळ सोडला की कोमट. तेही रोज नाही, कधी चांगलं कधी असलं. खाली गिझर लावला तर लाल दिवा लागतोय पण पाणी गारच. शेवटी सोलरच्या टाकीतली कॉइल लावायला लागलो, आणि २०० लिटर पाणी ३० डिग्रीनं तापवायचं म्हणजे ७ युनिट जातात बघा, २ किलोवॅटची कॉइल साडेतीन तास. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना) आमची मर्यादा आधीच्या सरासरीवर १० टक्के एवढीच, ती ओलांडली आणि हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल हातात आलं, तेव्हा घरात सगळेच जागे झाले.

ज्या दुकानातनं सोलर घेतला त्यांना फोन केला (नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग). रोज 'नाळे बर्तीनी सर' (उद्या येतो सर), आणि त्यांचा नाळे काय उजाडतच नाही. शेवटी एक पोरगा आला, गच्चीवर दोन मिनिटं उभा राहिला, कशाला हात लावला नाही आणि 'ट्यूब गेल्यात, २० च्या २० बदला' म्हणून कोटेशन पाठवून मोकळा.

मग खडेबाजारात एका हार्डवेअरवाल्यानं या वडगावच्या मेस्त्रीचं नाव सांगितलं. सकाळी १० ची वेळ दिली, आला दुपारी १ ला, अर्ध्या स्टारातला पाव इथंच गेला. पण माणसानं येऊन पान्याची पिशवी उघडलीच नाही. आधी वाकून सगळ्या ट्यूबांची खालची टोकं बघितली. मला म्हणाला, दादा हे बघा, टोकाला चांदीसारखं चकाकतंय न्हवं, आतली हवा काढलेली पोकळी शाबूत असली की हे असंच ऱ्हातंय, ट्यूब गेली की पांढरं पडतंय. आमच्या सगळ्या चकाकत होत्या. एक पण ट्यूब बदलायची गरज नाही. तिथंच माझे पैसे वसूल.

मग विचारलं, घरात नवीन काय बसवलंय काय? तर हो, दिवाळीच्या आधी वरच्या बाथरूममध्ये मोठा शॉवर, हँड शॉवर, नवा मिक्सर (ऊन आणि गार पाणी मिसळणारा नळ), आणि शॉवरला जोर पाहिजे म्हणून गार पाण्याच्या लाईनीला प्रेशर पंप. मेस्त्री नुसता हसला. गच्चीवर सोलरचा व्हेंट पाइप असतो ना, वर उघडा सोडलेला, त्याच्या खाली फरशीवर शेवाळाचा हिरवा पट्टा पडला होता. तो पट्टा आम्ही सगळ्यांनी रोज बघितलेला, आईनं तर दोनदा घासून काढलेला. मेस्त्रीनं गच्चीवरनं खाली आईला हाक मारली, काकू, मिक्सरचे दोन्ही नॉब सोडा आणि हँड शॉवरचं बटण तेवढं दाबून बंद ठेवा. पंप घुं करून सुरू झाला आणि इकडे व्हेंटमधनं वाफाळतं पाणी भळाभळा गच्चीवर! सोलरमधनं खाली जाणाऱ्या पाइपाला हात लावा म्हणाला, मघाशी गरम असलेला पाइप बघता बघता गार.

झालं होतं ते असं. घरात सगळ्यांना हँड शॉवर बटणानं बंद करायची सवय, मिक्सरचे नॉब उघडेच. मग मिक्सरच्या पोटात ऊन आणि गार लाईन एकमेकींना मिळालेल्या. गार बाजूला पंपाचा जोर, ऊन बाजूला नुसता टाकीच्या उंचीचा, त्यामुळे गार पाणी उलटं ऊन पाण्याच्या पाइपातनं चढून सोलरमध्ये शिरायचं. सोलरला गार पाणी पुरवणाऱ्या पाइपाला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं सोडणारा व्हॉल्व) आहे, तिकडनं परत जायला वाट नाही, म्हणून आतलं तापलेलं पाणी व्हेंटमधनं बाहेर. रात्री मधेच पंप वाजायचा तेव्हा आम्ही म्हणायचो कुठंतरी नळ गळतोय. ज्या दिवशी कुणीतरी नॉब नीट बंद केले त्या दिवशी सकाळी पाणी चांगलं, बाकी दिवशी कोमट.

उपाय काय, तर मिक्सरच्या मागं ऊन आणि गार दोन्ही लाईनींना एकेक एनआरव्ही. मी म्हटलं सोलरलाच पंप लावू या ना, जोर सारखा होईल. नाही म्हणाला, ही बिनप्रेशरची टाकी, ट्यूबांच्या रबरी रिंगांतनं गळायला लागेल, मग परत मलाच बोलवशीला.

गिझरची भानगड वेगळीच निघाली. कडक उन्हात सोलरचं पाणी ८० च्या वर जातं, ते तसंच गिझरात शिरलं की त्याचा सेफ्टी कटआऊट (फार तापलं की वीज तोडणारा स्विच) उडतो आणि हातानं दाबल्याशिवाय परत बसत नाही. मेन बंद करून खालचं झाकण काढलं, बारीक बटण होतं ते दाबलं, गिझर चालू. आम्ही नवीन घ्यायला निघालो होतो! परत उडू नये म्हणून तीन बॉल व्हॉल्व टाकून बायपास केला, आता उन्हाळ्यात सोलरचं पाणी गिझरला वळसा घालून जातं आणि जूनमध्ये व्हॉल्व फिरवले की गिझरातनं. सगळे पाइप सीपीव्हीसीचेच वापरले, साधा पांढरा पाइप ऊन पाण्याला मऊ पडतो.

सामान, मजुरी सगळं धरून चार हजाराच्या आत काम झालं, ट्यूबांच्या कोटेशनच्या निम्मे पण नाहीत. उरलेला पाव स्टार बाथरूमची एक फरशी फोडून तिथं नुसतं पांढरं सिमेंट थापून गेला त्याचा, आणि राडा आईनं काढला. शॉवरमध्ये गार पाणी अजून थोडं जास्त जोरात येतं, त्याला गार बाजूचा कॉक अर्धा बंद करून दिलाय, चालतंय. खालच्या नळाला पहिलं चार-पाच लिटर गार येणारच, एवढा लांब पाइप आहे, ते बादलीत धरून भांड्यांना वापरतो.

नंबर इथं उघड टाकत नाही, त्याला विचारलेलं नाही. खडेबाजारात हार्डवेअरच्या दुकानात 'वडगावचा सोलर मेस्त्री' म्हणा, सांगतील. फोन सकाळी ९ च्या आत करा, नंतर तो कुणाच्या तरी गच्चीवर असतो आणि उचलत नाही.